किनारा सरकत गेलेलं मकाव

जुन्या ॲटलासात मकाव शोधायला भिंग लागायचं. चीनच्या दक्षिणेला, पर्ल नदीच्या मुखाशी एक ठिपका. ठिपक्यात नाव मावेना म्हणून ते समुद्रात छापलेलं आणि पुढे कंसात ‘पो.’, म्हणजे पोर्तुगीज. गोवा, दमण, दीव यांच्यापुढेही तेच ‘पो.’ असायचं, त्यामुळे हा लांबचा ठिपका आपल्याला उगाच सोयरा वाटे. नातं अगदीच कागदी नव्हतं म्हणा. १८४४ पर्यंत मकाव गोव्याच्या अखत्यारीत होतं. पूर्वेकडच्या पोर्तुगीज किल्ल्यांवर आन्तोनियो बोकारोने १६३५ साली जो ग्रंथ लिहिला, तोही गोव्यात बसूनच. त्यातले नकाशे पेद्रो बार्रेतो द रेझेंदचे. त्यात मकावचं चित्र आहे: टेकड्या, त्यांवर किल्ले, चीनच्या भूमीशी जोडणारी वाळूची निमुळती पट्टी आणि दक्षिणेला वाकलेला किनारा.

आज फोनवर तोच भाग मोठा करून पाहिला तर ओळख पटत नाही. सरळ कापलेल्या कडा, काटकोनी कोपरे. समुद्र काही पट्टी घेऊन किनारा आखत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मकावचं क्षेत्रफळ अकरा-बारा चौरस किलोमीटर होतं. आता ते सुमारे ३३ आहे. वाढलेला सगळा भाग भरावाचा.

मला सगळ्यात हळहळ वाटते ती प्राया ग्रांदेची. जॉर्ज चिनेरी हा इंग्रज चित्रकार मद्रास-कलकत्त्यात वर्षं काढून १८२५ मध्ये मकावला गेला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या चित्रांत हा अर्धचंद्राकृती किनारा पुन्हा पुन्हा भेटतो. एका रांगेत उभी घरं, पुढ्यात पाणी, पाण्यात होड्या. १९९०च्या दशकात बांध घालून त्या उपसागराचं तोंड बंद केलं. आता तिथे नाम व्हान आणि साई व्हान अशी दोन तळी आहेत, आणि भरावावर ३३८ मीटरचा मनोरा. तळी देखणी आहेत, नाही म्हणवत नाही; पण त्यांना भरती-ओहोटी कुठली?

पश्चिमेचं इल्या व्हेर्द हे बेट तर पुरतं गिळलं गेलं. आधी बांधाने जोडलं, मग चहूबाजूंनी भराव. आज ती इमारतींमधली एक हिरवी टेकडी आहे. बार्रा भागाजवळ १८७४ची ‘मूरिश’ बराक मात्र टिकून आहे. नाव मूरिश असलं, तरी ती बांधली होती गोव्याहून पोलिसांच्या मदतीला आणलेल्या तुकडीसाठी. पिवळ्या-पांढऱ्या टोकदार कमानींचा तो व्हरांडा पूर्वी थेट पाण्याकडे बघायचा.

ताइपा बेटावरची १९२१ची पाच हिरवी घरंही समुद्राकाठची. त्यांच्यापुढे आता कमळांची पाणथळ जागा, आणि तिच्यापलीकडे २००७ मध्ये उघडलेला व्हेनेशियन हा अवाढव्य कॅसिनो. मधला समुद्र कुठे गेला? ताइपा आणि कोलोआन ही दोन बेटं १९६८ मध्ये बांधरस्त्याने जोडली, दोन्ही बाजूंना गाळ साचला, मग भराव पडला आणि कोताई ही नवी जमीन जन्माला आली.

दोष नव्या, चिनी राज्यकर्त्यांच्या माथी मारणं सोपं आहे. पण इल्या व्हेर्दपासून प्राया ग्रांदेपर्यंतची ही कामं पोर्तुगीजांच्याच काळातली, आणि जवळपास सात लाख माणसं राहणार तरी कुठे? गंमत म्हणजे जमीन वाढत होती तेव्हा हद्द मात्र नक्की नव्हती. १८८७च्या तहाने चीनने पोर्तुगालला मकावचा कायमचा ताबा दिला, पण सीमा आखायची राहून गेली. स्वतःच्या कारभाराखालचं ८५ चौरस किलोमीटर पाणी मकावला मिळालं ते थेट २०१५ मध्ये, बीजिंगकडून.

गियाच्या टेकडीवरचं १८६५चं दीपगृह तेवढं जागचं हललेलं नाही. मकावचे अक्षांश-रेखांश सांगतात ते तिथलेच. पण त्याच्याभोवती टोलेजंग इमारती उठू लागल्या, तेव्हा लोकांनी ओरड केली आणि २००८ मध्ये उंचीवर बंधन आलं.

२० डिसेंबर १९९९ला पोर्तुगीज झेंडा उतरला, पण भाषा चिनीच्या जोडीने अधिकृत राहिली. त्यामुळे पोर्तुगीज गेल्यावर समुद्रातून वर आलेल्या जमिनीवरही रस्त्यांच्या पाट्या चिनीच्या शेजारी पोर्तुगीजमध्येच लागतात.