आमच्या घरचा भात

आमचे गाव कोकणात आहे. शेतात असते ते भात, भरडले की तांदूळ आणि शिजले की पुन्हा भात! आमच्याकडे सकाळी पेज आणि दोन्ही वेळा भात लागतो.

लावणी सुरू झाली की आई-बाबा उजाडताच शेतावर जातात. आई चिखलात वाकून रोपे लावते. दुपारी ती भिजून, दमून घरी येते. तेव्हा तिला परत चूल पेटवायला लागू नये, म्हणून सुट्टीच्या दिवशी भात मी करतो. मी मुलगा आहे तरी करतो.

घरी गॅस आहे, पण तो पुरवून वापरावा लागतो. म्हणून भात चुलीवर. आजीला आता नीट दिसत नाही. ती चुलीजवळ पाटावर बसून सांगते आणि मी करतो.

आधी तांदूळ निवडून दोन पाण्यांनी धुवायचे. ते धुवण म्हशीला घालायचे. टोपात पाण्याला आधण आले की तांदूळ वैरायचे. पेज काढायची असते म्हणून पाणी भरपूर ठेवायचे. नव्या तांदळाला पाणी कमी लागते आणि त्याचा भात चिकट होतो. जुन्याला पाणी जास्त लागते, पण त्याचा भात मोकळा होतो.

उकळी आली की आजी लगेच सांगते, "बाबू, लाकूड मागे ओढ. जाळ वाढवून भात लवकर होत नाय." हे अगदी खरे आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. मग कितीही जाळ केला तरी उघड्या टोपातले पाणी त्याहून तापत नाही, नुसती लाकडे जळतात. आजी शाळेत गेली नाही, पण हे तिला ठाऊक आहे. आवाजावरूनच ती सांगते, "झाला बघ, शीत दाब." शितात कणी लागली नाही की भात झाला. शितावरून भाताची परीक्षा ती हीच!

पेज मात्र आजोबाच गाळतात. टोप जड असतो आणि वाफेने हात भाजतो. मग झाकण ठेवून भात निखाऱ्यावर मुरू द्यायचा. पेज आम्ही फेकत नाही. भातातली ब जीवनसत्त्वे त्या पाण्यात उतरतात. मीठ घालून गरम पेज प्यायली की अंगात ऊब येते.

वर्गातली काही मुले मला "भातवाली बाय" म्हणून चिडवतात. मी आजोबांना सांगितले. ते हसले. ते मुंबईला गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर गावी आले. ते म्हणाले, "खोलीत आम्ही सगळे गाववाले बाप्येच होतो. पाळी लावून भात करायचो. नाय केला तर खाणार काय?" तेव्हापासून मी चिडत नाही.

आई शेतावरून आली की हातपाय धुऊन आधी वाटीभर पेज पिते. जास्त बोलत नाही. पण जेवून झाल्यावर घटकाभर भिंतीला टेकून बसते. एरवी लावणीत तिला तेवढेही बसायला मिळत नाही.

मित्रांनो, भूक सगळ्यांना लागते, मग चूल एकट्या आईची का? घरातले मोठे माणूस जवळ बसवून तुम्हीही एक दिवस भात करून पाहा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी