यंत्राला ठाऊक नसलेला वारा

बुधवार, ६ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज झाली, पाहुणे गेले आणि गावात धान आलं. पहाटेपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्या बाजार समितीच्या रस्त्याला लागतात. बाबा सकाळी अडतीवर जातात ते रात्रीच घरी दिसतात. माझी नोकरी घरूनच, संगणकावर. ती सातला मिटली, जेवणं उरकली की मी दुसरं काम काढते. फ्लाइटगिअर हे १९९७ पासून जगभरच्या हौशी मंडळींनी वाढवलेलं मुक्त सिम्युलेटर. त्यातल्या एका बोइंगसाठी आम्ही चार-पाच जण फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिम नव्यानं लिहितो आहोत. कुणी पुण्यात, कुणी नाशकात, एक जण जर्मनीत, आणि मी तुमसरला.

दोन वैमानिकांच्या मधोमध या सिस्टिमचा एक छोटा पडदा असतो, त्याखाली अक्षरांची आणि आकड्यांची बटणं. पडद्यावर २४ अक्षरांच्या १४ ओळी, दोन्ही कडांना सहा-सहा बटणं. मार्ग, वजन, वारा हे सगळं त्यात भरायचं. मग कुठं वळायचं, किती उंची धरायची, कुठून उतरायला लागायचं याचा हिशेब ते यंत्र करतं आणि ऑटोपायलटला हाकतं. १९८२ मध्ये बोइंग ७६७ सेवेत आलं तेव्हापासून हे यंत्र प्रवासी विमानांत रुळलं. त्या विमानांत फ्लाइट इंजिनिअरची तिसरी खुर्ची नव्हती. त्याच्या कामाचा बराच भाग असल्या पेट्यांनी उचलला.

आज सगळा वेळ उड्डाणाआधीच्या पानांवर गेला. जिथं चौकोन दिसतात तिथं भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, जिथं नुसत्या रेघा असतात तिथं भरलं तर भरलं. आजी दूध घेऊन आली आणि पडद्यात डोकावली.

"काहून वं, तुहं इमान अजून नागपूरलेच उभं हाय?"

"त्याचं वजन भरते आहे, आजी."

"मंग आपल्या काट्यावर आन ना."

आजी बोलली त्यात तथ्य आहे. खऱ्या विमानालाही स्वतःचं वजन ठाऊक नसतं. टाकीतलं इंधन त्याला मोजता येतं. पण माणसं आणि सामान धरून इंधनाविना वजन किती, हे वैमानिक कागदावर बघून टाइप करतो. प्रवाशांना काट्यावर उभं करत नाहीत, ठरलेला सरासरी आकडा धरतात. म्हणजे यंत्राच्या पोटात पहिल्या पानापासूनच एक अंदाज बसलेला असतो.

शनिवार, ९ नोव्हेंबर

चाचणीसाठी नागपूर ते बिरसी हा मार्ग घेतला. बिरसी म्हणजे गोंदियाचा विमानतळ. सरळ अंतर सुमारे ७४ नॉटिकल मैल, आणि ती रेषा तुमसरच्या जवळून जाते. मोह आवरला नाही. टीयूएमएसएआर टाइप केलं. पडद्यानं रीतसर सांगितलं : नॉट इन डेटाबेस. मग अक्षांश-रेखांश भरले, एन२१२३.०ई०७९४४.०. यंत्रानं ते निमूट घेतलं आणि नकाशावर बिंदू उमटला. नाव : डब्ल्यूपीटी०१. नागपूरपासून ४२ मैल, तिथून बिरसी ३२. तलाव, गिरण्या, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणी, तुमसर रोडहून तिरोडीला जाणारी गाडी, सगळं त्या पाच अक्षरांत.

वळणाचं गणित मात्र जमून आलं. विमान बिंदूवर पोचून वळत नाही, आधीच वळायला लागतं. समितीच्या फाटकात भरलेली ट्रॉली घालणारा ड्रायव्हर जसं अलीकडूनच स्टिअरिंग कापतो, तसंच. किती आधी, ते वेगावर ठरतं. २५ अंश कलून २५० नॉटनं जाणाऱ्या विमानाच्या वळणाची त्रिज्या जवळजवळ दोन मैल. तेच ४५० नॉटला सव्वासहा मैलांच्या वर जाते. वेग दुप्पटही झाला नाही आणि त्रिज्या तिपटीहून जास्त, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. आमच्या जुन्या कोडमध्ये एकच ठरावीक अंतर होतं, म्हणून उंचीवर विमान दर वळणाला रेषेबाहेर झोकांडी खायचं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

विमानतळ प्राधिकरणाची माहितीपुस्तिका संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. तिच्यातले नागपूरचे तक्ते उघडून हातानं नोंदी करते आहे. या नोंदींसाठी एरिन्क ४२४ नावाचं मानक आहे, त्यात मार्गाच्या तुकड्यांचे २३ प्रकार. एका बिंदूकडून दुसऱ्याकडे सरळ जायचं, तो टीएफ. हा गरीब गाईसारखा. खरी मजा सीएमध्ये : अमुक दिशेनं तमुक उंची गाठेपर्यंत जा. हा तुकडा संपतो कुठं? नकाशावर त्याला जागाच नाही. थंडीत, हलकं विमान असेल तर लवकर संपेल. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात भरलेलं विमान असेल तर मैल-दोन मैल पुढं. व्हीएम तर त्याहून मोकळा : ही दिशा धर आणि नियंत्रक सांगेपर्यंत चालत राहा. त्याच्यापुढं यंत्र मार्गात फट ठेवतं आणि तसं लिहून दाखवतं. नवशिक्यांना ती फट दोष वाटते. ते ती आपोआप बुजवायला सांगतात.

रात्री गटात यावरूनच बोलणं निघालं. दोन बिंदूंचं नाव एकच असेल तर यंत्रानं जवळचा आपणच निवडावा, असं नाशिककराचं म्हणणं. मी नाही म्हटलं. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियात कालीला उतरणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ७५७ मध्ये वैमानिकांनी रोझो नावाच्या बीकनकडे जायला 'आर' टाइप केलं. तक्त्यावर रोझोचं अक्षर आर असंच होतं, पण यंत्राच्या साठ्यात तो पूर्ण नावानं ठेवलेला. आर म्हटल्यावर यादीत वर आला तो बोगोटाजवळचा रोमिओ. त्यांनी तो स्वीकारला; विमान रात्री डोंगरांच्या दिशेनं वळलं. १६३ पैकी चौघं वाचले. ती यादी, ते निवडणं आणि निवडल्यावर चार्टशी ताडून बघणं हे खऱ्या यंत्राचं अंग आहे. घरच्या खेळात ते पुसून टाकलं तर मग आपण बनवतोय काय?

नाशिककर गप्प बसला. पटलं की झोप आली, कळलं नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

गोंदियाची मैत्रीण सुट्टीवर आहे, आज आली. ती बिरसीतच शिकली. विमानतळ प्राधिकरण आणि सिम्युलेटर बनवणारी कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून उभारलेली उड्डाणसंस्था तिथं आहे. आता ती ७३७ वर सहवैमानिक आहे. निवडणुकीचा प्रचार शिगेला पोचलाय; दर दहा मिनिटांनी भोंग्याची गाडी जायची आणि आम्हाला बोलणं थांबवायला लागायचं.

तिला मुंबई-नागपूर उडवायला दिलं. ३५ हजार फुटांवरून नागपूरला उतरायचं तर नेहमीचा अडाखा असा : हजार फुटांना तीन मैल, वर वेग कमी करायला थोडे. म्हणजे सुमारे ११० मैल आधी, अकोल्याच्या आसपास, इंजिनं मंद करून घसरायला लागायचं. आमच्या यंत्रानं अगदी तिथंच उतरण सुरू केली आणि विमान रेषेवरून बोटभरही न हलता खाली आलं.

ती म्हणाली, "फारच गुणी आहे गं हे."

"म्हणजे?"

"माझं असं कधी येत नाही. वारा कुणी भरला होता?"

वारा कुणीच भरला नव्हता. फ्लाइटगिअरमध्ये सिम्युलेटरचं सगळं ज्ञान एका झाडासारख्या रचनेत ठेवलेलं असतं, प्रॉपर्टी ट्री म्हणतात तिला. वारा, खरी जागा, खरं वजन, सगळं तिथं उघडं पडलेलं. कुठल्याही कोडनं हात घालावा आणि घ्यावं. जुन्या कोडनं खालच्या सगळ्या थरांतला वारा तिथून उचलला होता आणि आम्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं, कारण उतरण छान होत होती.

खऱ्या यंत्राला आपण आत्ता जिथं आहोत तिथला वारा कळतो. हवेतला वेग आणि जमिनीवरचा वेग यांच्या फरकातून तो निघतो. पुढचा आणि खालचा वारा वैमानिकानं भरला तेवढाच. या दिवसांत वर पश्चिमेचा वारा असतो, मुंबईहून येताना पाठीशी. उतरायला साधारण वीस मिनिटं लागतात. सरासरी ३० नॉटचा वारा यंत्राला सांगायचा राहिला तर वीस मिनिटांत दहा मैल पुढं ढकलले जाता, म्हणजे तीन हजार फूट जास्त उंच. मग पडद्यावर येतं : ड्रॅग रिक्वायर्ड. स्पीडब्रेक ओढा. मैत्रीण म्हणाली की तिच्या नोकरीत हा निरोप रोजचा, आणि आमच्या यंत्रात तो लिहिलेला असूनही कधीच दिसणार नव्हता.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. आतापर्यंत आम्ही यंत्राला जास्तीत जास्त शिकवत होतो. पण सिम्युलेटर सर्वज्ञ आहे. त्याच्या आत बसून खरं यंत्र करायचं तर त्याच्यापासून गोष्टी लपवायला लागतील. जागासुद्धा. खऱ्या विमानातली जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रणा ताशी एखाद-दुसरा मैल सरकते, मग जमिनीवरच्या केंद्रांवरून किंवा जीपीएसवरून ती सुधारली जाते. आमचं यंत्र थेट देवाच्या वहीतून जागा वाचतं. जुन्या पेट्यांना लांब मार्गाचा हिशेब करायला काही सेकंद लागत. आमचा क्षणात होतो, तेही खोटंच.

जाताना तिनं नागपूरच्या जुन्या टपाल विमानांचा विषय काढला. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी विमानं रात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतायची. वाऱ्याचा अंदाज तेव्हाही कुणीतरी लिहूनच दिला असणार.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान. सकाळीच करून आले, शाळेत रांग कमी होती. कंपनीला सुट्टी, म्हणून दिवसभर कोड.

वारा तोडला. आता यंत्राला फक्त स्वतःच्या जागेचा वारा आणि भरलेले आकडे मिळतात. वजनही टाइप केलेलंच वापरतं. चुकीचं भरलं तर वेगही चुकीचे सांगेल, सांगू दे. जागा सरकवण्याचं काम मात्र चिघळलं. घरी खेळणारा माणूस मधेच पॉज करतो, चौपट वेगानं विमान पळवतो, कधी कंटाळून नागपूरहून उचलून थेट मुंबईच्या धावपट्टीवर ठेवतो. खऱ्या यंत्राच्या जगात विमान असं उडी मारत नाही. उडी मारली की यंत्र समजतं, आपण क्षणात चारशे मैल सरकलो, आणि सगळे हिशेब वेडेवाकडे होतात.

मोठ्या प्रशिक्षण सिम्युलेटरांनाही हीच अडचण आली होती, कारण त्यांत खरी पेटी किंवा तिचंच सॉफ्टवेअर बसवतात. त्यासाठी एरिन्क ६१० नावाचा वेगळा दस्तऐवज आहे : गोठवणं, जागा बदलणं, वेळ पळवणं हे पेटीला कसं कळवायचं. म्हणजे उडवण्यासाठी नाही, थांबवण्यासाठी मानक. तेच तत्त्व धरून उडीची सूचना देणारी एक छोटी वाट काढली.

मायक्रोसॉफ्टचं नवं सिम्युलेटर काल बाजारात आलं. गटातले दोघं तिकडे गुंतलेत. आठवडाभर त्यांच्याकडून काही अपेक्षा नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज नवी आवृत्ती लागू झाली. जगभरचा हवाई मार्गांचा साठा दर २८ दिवसांनी, नेहमी गुरुवारीच बदलतो. नागपूरच्या माझ्या नोंदी पुन्हा तक्त्यांशी ताडून पाहिल्या.

गटात भांडण झालं. वारा तोडल्यापासून परीक्षक कुरकुरत होते. जर्मनीतल्या गड्यानं लिहिलं, एवढे थर हातानं कोण भरणार, पूर्वीचंच बरं होतं. त्याची अडचण खरी आहे. पण खऱ्या विमानातही आताशा सगळे आकडे हातानं भरत नाहीत. कंपनीकडून वाऱ्याचा अंदाज रेडिओवरून थेट पेटीत येतो. तेच करायचं ठरलं. एक बटण दाबलं की मोफत मिळणारा जीएफएसचा अंदाज उतरून घ्यायचा. तो दर सहा तासांनी निघतो, म्हणजे बहुधा काही तास शिळाच असणार. प्रॉपर्टी ट्रीतला खरा वारा मात्र कुणालाही, कुठल्याही बटणानं मिळणार नाही. यावर मी अडून बसले आणि मैत्रिणीनं वाऱ्याबद्दल सांगितलेलं गटात लिहिलं.

रात्री मुंबई-नागपूर उडवून पाहिलं. अंदाज सात तास जुना. उतरण अकोल्याच्या जरा अलीकडं सुरू झाली, बडनेऱ्याच्या आसपास ड्रॅग रिक्वायर्ड आलं. अंदाजात होता त्यापेक्षा वारा जोराचा निघाला. स्पीडब्रेक अर्धा ओढला, दोनेक मिनिटांत रेषा सापडली.

आता घिरट्या राहिल्यात. होल्डमध्ये शिरायच्या तीन तऱ्हा, १४ हजार फुटांपर्यंत एका मिनिटाची बाजू, त्यावर दीड मिनिटाची. समोरचा वारा असेल तर ती वेळ कशी धरायची यावर पुणेकराचं आणि माझं एकमत नाही. त्याला लिहिलंय की आधी तू कर, मी नंतर मोडून बघते.