कांशाचा स्वभाव

सोन्याला कवि मिळाले, लोखंडाला कारखानदार मिळाले. कांशाच्या वांट्याला आपल्याकडे मात्र माजघराचा कोपराच आला. तळपायाला तूप चोळावयाची वाटी आणि आजोबांचें जड ताट, एवढ्यावर त्याची ओळख संपते. ज्याच्या नांवानें मानवेतिहासाचें एक अखंड युग ओळखलें जातें, त्याची ही उपेक्षा आम्हांस खटकते.

धातुविद्या हा आमचा विषय नव्हे. आमचें आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलें. पण यंत्रशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांबरोबर सायंकाळीं फिरावयास जाण्याचा परिपाठ असल्यामुळें कांहीं गोष्टी कानांवर आल्या व मनांत राहिल्या. तांबें मऊ, कथील त्याहूनहि मऊ. पण दोन्ही एकत्र येतांच कठीणपणा उपजतो. आणि कथलाचें प्रमाण थोडें बदललें कीं धातूचा स्वभावच पालटतो. शेंकडा 10 भाग कथील घातलें तर तोफेचें कांसें होतें: चिवट, बार सोसणारें. त्यांत 2 भाग जस्त मिळविलें म्हणजे गनमेटल. खाऱ्या पाण्याला तें सहसा दाद देत नाहीं, म्हणून पंपांत व झडपांत त्याची योजना होते. फॉस्फरसचा नुसता अंश राहिला तर स्प्रिंगला लागणारी लवचीकता येते. अ‍ॅल्युमिनियमचें कांसें तर बहुधा कथलावांचूनच होतें, आणि जहाजांचे प्रचंड पंखे त्याचे ओततात.

कथील 20-22 भागांपर्यंत चढवावें, तर घंटेची धातु तयार होते. 1739 सालीं वसई जिंकल्यावर मराठ्यांनीं ज्या घंटा आणल्या, त्यांतील एक नाशिकास नारोशंकराच्या देवळावर अजून आहे. याहून पुढें जाऊन तिसरा हिस्सा कथील घातलें, तर कांसें रुप्यासारखें पांढरें होतें. न्यूटननें 1668 सालीं आपल्या दुर्बिणीचा आरसा तांब्या-कथलाच्या अशाच एका पांढऱ्या मिश्रणाचा केला. मात्र जें कांसें वाजतें तेंच तडकतें, आणि जें चकाकतें तें तर त्याहूनहि लवकर फुटतें. चिवटपणा आणि नाद हीं दोन्ही एकाच मुशींतून पुरेपूर निघत नाहींत. विजापूरची मुलूखमैदान तोफ 1549 सालीं अहमदनगरास ओतली गेली. तींत सुमारें 80 भाग तांबें व 20 भाग कथील आहे. म्हणजे ती तोफेच्या रूपांतली घंटाच होय!

हें सारें आज आठवण्यास एक प्रसंग कारण झाला. आमच्या वर्गांत एक विद्यार्थी आहे: बुद्धीनें तल्लख, पण उणा शब्द लागतांच तडकणारा. त्याला काढून टाकावें अशी सूचना शिक्षकांच्या बैठकींत पुढें आली. एक गृहस्थ म्हणाले, "घाव सोसत नाहीं ती धातु काय कामाची?" आमचे स्नेही शांतपणें उत्तरले, "घाव कोणत्या वेळीं घालतां, त्यावर आहे." मग त्यांनीं सांगितलें तें असें. ताटा-वाट्यांचें कांसें थंड असतां हातोडीनें फुटतें. पण लालसर तापलें म्हणजे तेंच कांसें हातोडीखालीं निमूटपणें पसरतें. नंतर तें तसेंच पाण्यांत बुडवितात. पोलाद असें बुडविलें तर अधिक ठिसूळ होतें. या कांशाचा ठिसूळपणा मात्र उलट कमी होतो. एकाचा नियम दुसऱ्यास लावणारा कारागीर दोन्हीं नासवितो.

मुलगा राहिला. तो मवाळ झाला असें नाहीं, अजूनहि तडकतो. पण वादसभेंत त्याच्याइतका स्वच्छ नाद दुसऱ्या कोणाचा उमटत नाहीं.

यंत्राला बेअरिंगहि हवें. तेथें कांसें स्वतः झिजतें आणि पोलादी आंस राखतें. आमची स्वतःची जात तीच. तीस वर्षें आम्ही झिजत आलों, आणि त्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. पण सर्वांनींच बेअरिंग व्हावें, असा आग्रह धरून देवळें मुकीं कां करावीं? ज्याच्या ठायीं कथील अंमळ जास्त पडलें आहे, त्याला ठिसूळ म्हणून मोडींत टाकण्यापूर्वीं एकदां टिचकी मारून ऐकावें, एवढेंच आमचें मागणें आहे.