परळची वाट

गिरगावातून टॅक्सीने परळला निघाले, की सात रस्ता, चिंचपोकळी, लालबाग ही ठिकाणे ओळीने मागे पडतात. लालबागेत मसाल्याचा ठसका नाकात शिरतो, भारतमाता चित्रपटगृह दिसते आणि मग रस्त्याकडेच्या पाट्याच बदलतात. औषधांची दुकाने, रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, चाकाच्या खुर्च्या भाड्याने देणारे, शहाळेवाले. येथे कोणी सहज फिरायला येत नाही. मीही या वस्तीत आजवर कोणा ना कोणाच्या आजारपणासाठीच आले. दोन वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी मात्र माझ्या मांडीवर एक बास्केट होती आणि तिच्यात आमची नऊ वर्षांची मांजर, ठकी, निपचित पडली होती.

परळ हे मुंबईचे आजारपणाचे गाव. १८९६ साली शहरात प्लेग शिरला आणि त्यावर लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला १८९९ मध्ये येथील जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात जागा मिळाली. १९२६ साली केईएम रुग्णालय सुरू झाले, १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय. माता-बालकांसाठीची वाडिया रुग्णालयेही जवळच. परंतु केईएमच्या कितीतरी आधी या परिसरात मुक्या जीवांची सोय झालेली होती. दिनशॉ माणेकजी पेटीट या पारशी गिरणीमालकांनी आपल्या पत्नीच्या, साकरबाईंच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभारले. पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळचेच, १८८६ सालचे. मुंबईकर अजूनही त्या रुग्णालयाला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. शहराचा भार बैल आणि घोडे ओढत होते, त्या काळाची आठवण या नावात राहिली आहे. आता तेथे रांगेत कुत्री-मांजरी दिसतात, आणि त्यांना छातीशी धरून बसलेली माणसे.

ठकीचे आजारपण अकस्मात आले. शनिवारी ह्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त घरी मंडळी जमली होती. अर्धांगवायूने ह्यांची उजवी बाजू गेली, त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. बोलणे तुटक, दिवस खुर्चीत आणि मांडीवर ठकी. नात्यातल्या एका मुलाने मोठ्या प्रेमाने पुष्पगुच्छ आणला. त्यात टपोऱ्या पाकळ्यांची लिलीची फुले होती. रात्री ठकी फुलदाणीशी खेळली. सकाळी तिच्या मिशांवर केशरी पराग दिसला, तो मी हसत हसत पदराने पुसला. रविवारी तिला दोनदा उलटी झाली. पोटात केसांचा गोळा झाला असेल, असे मी समजले. सोमवारी ती पाण्याच्या वाटीशी बसून राहिली, पण तोंड लावीना. ह्यांनी हाक मारली तरी मान वर केली नाही.

परळच्या तरुण पशुवैद्य बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “घरात लिलीची फुले होती का?” माझ्या पायांखालची जमीन सरकली.

त्यांच्याकडून मला जे कळले, ते मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असावे. पुष्पगुच्छांत असते ती एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली आणि बागेतली डे लिली ही मांजरांसाठी जहर आहेत. पाकळी, पान, देठ, पराग, फार काय फुलदाणीतले पाणीही घातक. अंगावर पडलेला पराग मांजर चाटून स्वच्छ करते आणि तेवढ्यानेही मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरू लागतात. आधी उलट्या, मरगळ, अन्नावरची वासना जाणे, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होणे, असा हा क्रम. पहिल्या काही तासांत उपचार मिळाले, तर वाचण्याची आशा पुष्कळ असते. म्हणून फूल चघळलेले दिसताच, मांजर खेळते-बागडते असले तरी, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. मी जवळजवळ दीड दिवस घालवला होता.

ठकीच्या रक्तातले क्रिएटिनिन साडेसहा निघाले. ते साधारण दीडच्या आत असावे. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पुढच्या पायाची थोडी लव काढून शिरेत सुई बसवली. मी म्हटले, “डॉक्टर, खरे काय ते सांगा.”

“आजी, आज सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “तीन दिवस सलाइन देऊ. लघवी होते आहे, ही चांगली गोष्ट आहे. ती थांबली, तर पुढचे उपचार म्हणजे तिचे हाल ठरतील. चौथ्या दिवशी आपण दोघी मिळून ठरवू.”

त्या तीन दिवसांच्या मुदतीने मला फार आधार दिला. शुश्रूषा करणाऱ्याला कष्टांहून अधिक थकवते ती अनिश्चितता. ‘इतके दिवस, इतके प्रयत्न, मग पुन्हा विचार’ अशी वेस आखली, की मन त्या वेशीच्या आत काम करू लागते.

दिवसा सलाइन आणि रात्री घरी, असा क्रम ठरला. सकाळी ह्यांचे औषधपाणी उरकून शेजारच्या वहिनींना त्यांच्यापाशी बसवायचे आणि निघायचे. सलाइन चढेपर्यंत आत गर्दी नको, म्हणून मी जवळच्या चहाच्या टपरीवर बसत असे. दुसऱ्या दिवशी तेथे सोलापूरकडचे एक गृहस्थ भेटले. त्यांची पत्नी टाटामध्ये होती आणि ते दीड महिना पदपथावर मुक्कामाला होते. त्यांनी विचारले, “मावशी, तुमचं कोण हाय आत?”

माझी जीभ अडखळली. कर्करोगाशी झुंजणाऱ्या बाईच्या नवऱ्याला ‘मांजर’ कसे सांगावे? घरी आजारी पती असताना मांजरासाठी परळच्या खेपा घालणारी बाई त्यांना काय वाटेल? शेवटी खाली पाहत खरे ते सांगितले.

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. “लाजता कशाला? आमचा बैल पडला तवा मी सात रात्री गोठ्यात काढल्या. माणूस निदान दुखतंय कुठं ते सांगतं. त्याला कुठं सांगता येतंय?” आणि मग विचारले, “खातंय का काही?”

मी मानेनेच नाही म्हटले. तेवढ्या एका प्रश्नाने माझ्या डोळ्यांत पाणी आले. तीन दिवसांत तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मग मीही त्यांच्या पत्नीच्या जेवणाची चौकशी केली. आम्ही दोघे बराच वेळ पेज, ताक आणि मऊ भाताविषयी बोलत बसलो.

घरी मात्र मी एक चूक करीत होते. ह्यांना त्रास नको, म्हणून ‘ठकीला सर्दी झाली आहे’ असे सांगितले होते. तिच्या पायाची पट्टी पाहून त्यांनी ताट बाजूला सारले. आजारी माणसापासून वाईट बातमी लपवावी, असे आपण मानतो. पण घरातली भीती त्याला कळतेच, फक्त ती वाटून घ्यायला कोणी उरत नाही. त्या रात्री मी सारे सांगितले, फुलांचेही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग डाव्या हाताची तीन बोटे वर करून म्हणाले, “तीन... दिवस?” दुसऱ्या दिवसापासून ठकीने किती पाणी प्याले, किती वेळा लघवी केली, याची नोंद तेच डाव्या हाताने करू लागले. माझ्या वहीत ह्यांच्या रक्तदाबाच्या आकड्यांखालीच ठकीचे रकाने पडले.

चौथ्या दिवशी क्रिएटिनिन साडेचारवर आले. संध्याकाळी ठकीने उकडलेल्या मासळीचा एक घास खाल्ला. पुढे ते तीनच्या आसपास स्थिरावले. मूत्रपिंडांची जी हानी झाली, ती भरून निघणारी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला त्वचेखाली सलाइन द्यायला शिकवले. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरायची, सुई सरकवायची, शंभर मिलिलिटर सावकाश जाऊ द्यायचे. खिडकीशी खिळा ठोकून बाटली टांगली. ठकी ह्यांच्या मांडीवर, सुई माझ्या हातात आणि नळीची चकती ह्यांच्या डाव्या हातात. शंभराची खूण आली, की ते चकती फिरवून म्हणत, “झाले.” व्यायाम शिकवणारे गृहस्थ महिनोन्महिने सांगून थकले होते, की हात कामात ठेवा. तो असा कामाला लागला.

ठकी त्यानंतर चौदा महिने जगली. शेवटच्या आठवड्यात तिने खाणे सोडले, तेव्हा तिला पुन्हा सुया टोचायच्या नाहीत, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. ती गेल्यावर हे मोठ्याने रडले. ‘मांजरच होते, दुसरे आणा’, असे सांगणारे भेटले. आम्ही कोणाशी वाद घातला नाही आणि घाईने दुसरे मांजरही आणले नाही. ज्याची चौदा महिने सेवा केली, त्याचे सुतक मनाला लागणारच. ते लागू द्यावे.

घरी मांजर असेल, तर पुष्पगुच्छातली लिली दारातच काढून टाकावी. आपल्या औषधांच्या गोळ्या जमिनीवर पडू देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मांजराची मूत्रपिंडे बिघडवतात आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. आपल्याला साधे वाटणारे औषध त्याला कधीही स्वतःच्या मनाने देऊ नये.

गेल्या महिन्यात ह्यांच्या तपासणीसाठी केईएमला गेलो होतो. परतताना फाटकाशी एक तरुण गोंधळून उभा होता. हातातल्या बास्केटमधून बारीक आवाज येत होता. “आजी, बैलघोडा हॉस्पिटल कुठे आहे?” मी त्याला वाट सांगितली. तो वळला, तेवढ्यात टॅक्सीत बसलेले हे खिडकीतून डोके बाहेर काढून, एकेक शब्द जुळवीत त्याला म्हणाले, “खाते... का... काही?”