डबा बंद, की डबा बंद?

'बंद' हा शब्द इतका घातक असेल असं मला गेल्या महिन्यापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

तर झालं असं. माझ्या एका मित्राची काकू पुण्यात महिन्याच्या बोलीवर डबे पुरवते. गिऱ्हाईक म्हणजे एकटे राहणारे आयटीवाले आणि एकटे राहणारे आजी-आजोबा. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. रोज रात्री काकू मेसेज वाचणार आणि वहीत टिपणार. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, "काकू, वही कशाला? हे सगळं एआय एजंट करेल." दोन वीकेंड घालवून करूनही दिला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाषेचं मॉडेल स्वतः फक्त मजकूर लिहितं. त्याच्या हातून काम करून घ्यायचं तर त्याला 'टूल्स' द्यावी लागतात, म्हणजे आपल्याच प्रोग्रॅममधली फंक्शन्स. ओपनएआयनं जून २०२३ मध्ये ही सोय आपल्या एपीआयमध्ये आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं अशी टूल्स जोडण्यासाठी एमसीपी नावाचा खुला प्रोटोकॉल काढला. पण गंमत अशी की मॉडेलला तुमच्या फंक्शनच्या आतला कोड दिसतच नाही. दिसतं ते एवढंच: टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि कुठली माहिती कुठल्या प्रकारात द्यायची त्याची यादी. एवढ्या भांडवलावर कुठलं टूल कधी वापरायचं हे त्यानं ठरवायचं.

माझ्या दोन टूल्सची वर्णनं अशी होती: 'ग्राहकाचा डबा थांबवते' आणि 'ग्राहकाचा डबा बंद करते'. माझ्या डोक्यात फरक लख्ख होता. पहिलं चार दिवसांच्या सुट्टीसाठी, दुसरं कायमचं नाव कमी करण्यासाठी. रविवारी रात्री बाराला लिहिलेल्या ओळी, त्यामुळे मला त्या अगदी स्वच्छ वाटल्या.

मग एका आजोबांचा मेसेज आला. "उद्यापासून डबा बंद करावा." एजंटनं बंद केला. दोन मिनिटांनी दुसरा मेसेज: "मुलीकडे नाशिकला जात आहे. सोमवारी परत." एजंटनं त्यांना शुभ प्रवास वगैरे म्हटलं. नाव यादीतून गेलेलंच होतं.

सोमवारी डबा आला नाही. आजोबांनी दूध-बिस्किटांवर भागवलं. मंगळवारीही तेच. बुधवारी त्यांनी काकूला फोन केला आणि विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

काकू मला रागावली नाही. नुसतं हे वाक्य तिनं मला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी आधी अर्थातच मॉडेलला शिव्या घातल्या. मग सूचनांमध्ये 'अत्यंत काळजीपूर्वक काम कर' असं घातलं. शून्य फरक! शेवटी त्या दोन ओळी आईला दाखवल्या. म्हटलं, कोणी डबा बंद करा म्हटलं तर यातलं कुठलं बटण दाबशील? आई म्हणाली, "अरे, दोन्ही एकच की. आणि बंद म्हटलंय तर 'बंद'च दाबणार ना?"

संपला विषय. जे आईला कळत नाही ते मॉडेलनं माझ्या मनातून ओळखावं ही अपेक्षाच चूक.

मग नीट लिहायला बसलो. दुसऱ्या टूलचं नाव 'नाव_कायमचे_कमी_करा' असं केलं. वर्णन असं: 'ग्राहकाला यापुढे कधीच डबा नको असेल तरच वापर. लोक गावाला जातानाही "बंद" म्हणतात. त्यासाठी सुट्टीचे टूल आहे. कायमचे की थोडे दिवस हे स्पष्ट नसेल तर कुठलेही टूल न वापरता आधी विचार.' थोडक्यात, काय करतं याच्या जोडीला कधी वापरायचं नाही हेही लिहिलं.

सुट्टीच्या टूलमध्ये नुसतं 'तारीख' होतं. तिथे 'पहिला डबा नको तो दिवस' आणि 'डबा पुन्हा हवा तो दिवस' असे दोन रकाने केले, कारण 'दोन ते पाच नको' यात पाच धरायची की नाही यावर घराघरात वाद आहेत. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च ही भानगडच नको. आणि आपला लाडका 'परवा'! तो मागचाही असतो आणि पुढचाही. म्हणून तारीख ग्राहकाला वाचून दाखवायची, असंही लिहिलं. टूल आधी उत्तरात नुसतं 'ओके' द्यायचं, आता 'मंगळवारपासून डबा सुरू' असं पूर्ण वाक्य देतं. चूक झालीच तर निदान दिसते तरी.

अर्थात वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. नाव कमी करण्याआधी काकूचा होकार लागेल, ही अट मी कोडमध्येच घातली. आणि वर्णनाचा निबंधही करून चालत नाही. तो मजकूर मॉडेलला दर वेळी वाचावा लागतो, आणि त्याचेही पैसे पडतात.

हे सगळं केल्यावर काकूकडून जुने मेसेज घेऊन तपासून पाहावं म्हणून तिच्याकडे गेलो, तर तिनं वहीच पुढे केली. पानापानावर तिच्या अक्षरात लिहिलेलं: 'बंद (गावी)', 'बंद (गावी)', 'बंद (सोडला)', 'बंद (गावी, सोमवारी विचारणे)'.

म्हणजे मी दोन वीकेंड आणि आजोबांचे दोन डबे घालवून जे शिकलो, ते काकू कितीतरी वर्षं कंसात लिहीत होती. मी फक्त ती वही कधी उघडून पाहिली नव्हती.

असो. आजोबांचा डबा सुरू आहे. परवा त्यांचा मेसेज आला होता, "उद्या डबा बंद." एजंटनं विचारलं, "फक्त उद्याच ना, आजोबा?"