धामणीचे धनुष्य

देवळातील रामनवमीच्या नाटकासाठी धनुष्य घडविण्याचे आम्ही पत्करले. वडिलांनी धामणीचे दोन दांडे 2 वर्षे माळ्यावर वाळविले होते. संस्कृतात हा ‘धनुर्वृक्ष’! नावावर विसंबून पहिला दांडा आम्ही एकाच संध्याकाळी तासून पुरता ओढला. तो मुठीपाशी तडकला. (शिवधनुष्य मोडणारास निदान सीता मिळाली.) वडील काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या वेळी हात आवरला. धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडील बाजू, ताणली जाते. तिचे तंतू तोडावयाचे नाहीत. तासणे ते पोटाच्या बाजूने. मूठ खुंटीवर टेकवून लांब, सैल दोरी आम्ही वीतभरच खाली ओढीत असू. वडील दुरून बाक निरखीत. जी जागा ताठ, तेथेच काचेने खरवडावयाचे. जी अधिक वाकते, तिला स्पर्श नाही. मग 20-30 वेळा हलकेच ओढावे, तेव्हा कोठे लाकूड नवा बाक दाखविते. बाक विषम असता पुढे ओढले, तर सारा भार दुबळ्या जागेवर येतो.

दोरी उतरविल्यावरही ते बोटभर वाकलेलेच राहिले, एवढे न्यून उरले. नाटकातल्या रामास वडिलांनी स्वतः बजाविले, “ओढ, पण बाणावाचून दोरी सोडू नकोस, तो हिसका धनुष्यालाच बसतो.”