टोरांटोतला लाल ठिपका

किराणा मालाच्या दुकानात कुणी दर्शनाला जातं का? हसू नका दोस्तांनो, मी जाऊन आलोय! साखर घेतली नाही, तांदूळ घेतले नाहीत, जमिनीवरचा एक लाल ठिपका तेवढा बघितला आणि परत आलो. ते दुकान आहे कॅनडातल्या टोरांटो शहरात, आणि त्या ठिपक्याची गोष्ट आहे हॉकीची.

हॉकी म्हटलं की आपल्याला आठवतात मेजर ध्यानचंद, हिरवं मैदान आणि भारताची ऑलिंपिकमधली आठ सुवर्णपदकं. कॅनडात मात्र नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरची हॉकी समजायची. पायांत स्केट्स, हातात लांब काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. तिला म्हणतात ‘पक’. वजन साधारण १७० ग्रॅम, पण लागली तर दात पडलेच म्हणून समजा! प्रत्येक बाजूचे सहा जण बर्फावर असतात, आणि दमछाक इतकी, की मिनिटभरातच ते बाहेर येतात नि दुसरे आत जातात.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी माझ्या ताईकडे गेलो होतो. ताई-दाजी शहराच्या पूर्वेला स्कारबरो भागात राहतात. माझा भाचा तेरा वर्षांचा. मला न्यायला विमानतळावर आला तो तोंड पाडूनच.

“काय रे, मामा आलेला आवडला नाही वाटतं?” मी विचारलं.

“तसं नाही मामा. काल रात्री आमची टीम हरली.”

त्याची टीम म्हणजे टोरांटो मेपल लीफ्स. छातीवर मेपलचं पान असलेली निळी-पांढरी जर्सी. गंमत अशी, की कॅनडाच्या झेंड्यावर ते पान आलं १९६५ साली, पण या टीमचं नाव मेपल लीफ्स पडलं १९२७ मध्येच. टीमचं पान देशाच्या पानापेक्षा वयानं मोठं!

मोटारीत त्यानं मला सगळं गणित समजावलं. अमेरिका आणि कॅनडा मिळून ३२ संघ. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येकानं ८२ सामने खेळायचे. त्यातले वरचे १६ संघ बाद फेरीत, म्हणजे ‘प्लेऑफ’मध्ये जातात. तिथं एकाच संघाशी जास्तीत जास्त सात सामने. जो आधी चार जिंकेल तो पुढं. अशा चार फेऱ्या जिंकल्या की मिळतो स्टॅन्ली कप. लीफ्सची पहिली फेरी टँपा बे या संघाशी चालू होती, आणि पाच सामन्यांनंतर लीफ्स ३-२ असे पुढे होते.

“अरे, मग पुढेच आहात की! रडतोस काय?”

“मामा, तुम्हाला माहीत नाही. २०२१ साली माँट्रियलविरुद्ध आम्ही ३-१ पुढे होतो, तरी हरलो. २०१३ मध्ये शेवटच्या सामन्यात बॉस्टनविरुद्ध ४-१ पुढे होतो, तरी हरलो. २००४ नंतर आम्ही एकही फेरी जिंकलेली नाही. म्हणजे मी जन्मल्यापासून एकदाही नाही!”

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो.

रात्री जेवताना वादाला तोंड फुटलं. दाजी म्हणाले, “सगळी चूक कोचची. शेल्डन कीफ ऐन वेळी जोड्या बदलतो. सामना हातात असताना कशाला हात लावायचा?”

“कोच काय करील, बाबा? खरा प्रश्न कॅप्टनचा आहे,” भाचा म्हणाला. “टव्हारेस हळू झालाय. वर्षाला एक कोटी दहा लाख डॉलर घेतो आणि तरुण पोरं त्याला मागं टाकून जातात.”

“याच फेरीतल्या दुसऱ्या सामन्यात त्यानं तीन गोल मारले, ते विसरलास?”

“तो सामना आपण ७-२ नं जिंकला होता. तिथं कुणीही मारले असते!”

“पोळ्या गार होतायत,” ताई म्हणाली. “टोरांटोत एप्रिल आला की आमच्याकडे असंच जेवण होतं!”

मला आपली क्रिकेटची चर्चा आठवली. चहाच्या टपरीवर आपण निवड समितीला शहाणपण शिकवतो, तसंच की हे! पण एक गोष्ट मला खटकली. जेवण झाल्यावर भाच्यानं जर्सीची घडी केली आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिली. म्हणाला, “उद्याचा सामना मी बघणार नाही. हरणारच आहोत.”

दुसऱ्या दिवशी शनिवार, २९ एप्रिल. सहावा सामना संध्याकाळी टँपाला होता. सकाळी शेजारचे आजोबा आले. ते मराठी नव्हेत, जन्मापासून टोरांटोचे. पण भाच्यानं त्यांना ‘आजोबा’ हा शब्द शिकवलाय आणि तो त्यांना भारी आवडतो. म्हणाले, “पाहुण्यांना आपल्या हॉकीचं गाव दाखवू या.” भाच्याला नाही म्हणता येईना.

केनेडी स्थानकावरून आम्ही भुयारी रेल्वेनं निघालो. गाडी बदलून कॉलेज नावाच्या स्थानकावर उतरलो आणि बघतच राहिलो. एका फलाटाच्या भिंतीवर लीफ्सचे खेळाडू रंगवलेले, तर समोरच्या फलाटावर त्यांचे जुने वैरी, माँट्रियलचे खेळाडू. मधून गाड्या धावतात आणि हे दोघे कायमचे आमनेसामने!

तिथून चालत गेलो ते ‘मेपल लीफ गार्डन्स’च्या पिवळसर विटांच्या इमारतीपाशी. १९३१ पासून १९९९ पर्यंत लीफ्स इथं खेळले. मग ते नव्या क्रीडागृहात गेले. आता जुन्या इमारतीत वरच्या बाजूला एका विद्यापीठाचं क्रीडा केंद्र आहे आणि खाली मोठं किराणा दुकान. आजोबा आम्हाला सामानाच्या रांगांमधून घेऊन गेले आणि २५ नंबरच्या रांगेत थांबले. जमिनीवर एक लाल ठिपका होता.

“बर्फाच्या मैदानाचा मधला बिंदू इथं होता,” ते म्हणाले. “खेळ सुरू व्हायचा तो इथूनच.”

लोक ढकलगाड्या घेऊन शेजारून जात होते. आजोबा मात्र क्षणभर टोपी काढून उभे राहिले. मग म्हणाले, “२ मे १९६७. मी दहा वर्षांचा होतो. याच इमारतीत माँट्रियलला ३-१ असं हरवून आपण तेरावा स्टॅन्ली कप जिंकला. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही.”

“तेव्हाची टीम भारी असणार,” भाचा म्हणाला.

आजोबा हसले. “भारी? सगळे म्हणायचे, ही म्हाताऱ्यांची टीम! गोलरक्षक जॉनी बोवर ४२ वर्षांचा, बचावातला अ‍ॅलन स्टॅन्ली ४१ चा. माझे वडील रोज त्यांच्या नावानं ओरडायचे. कॅप्टन आर्मस्ट्राँग ३६ वर्षांचा. शेवटचा गोल कुणी मारला माहीत आहे? त्यानंच.”

भाचा ठिपक्याकडे बघत राहिला.

“तुझी तक्रार चूक नाही, पोरा,” आजोबा म्हणाले. “टव्हारेस हळू झालाय, मलाही दिसतं. पण यंदा त्यानं ३६ गोल केलेत, तेही सांगायला हवं. माझे वडील ओरडायचे खूप, पण रेडिओ कधी बंद केला नाही त्यांनी. वाटेल तेवढं भांडावं. पाठ फिरवू नये.”

मग आम्ही यंग आणि फ्रंट या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं हॉकीचं संग्रहालय पाहिलं. त्याचा एक भाग १८८५ साली बँकेसाठी बांधलेल्या इमारतीत आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ साली दिलेला चांदीचा मूळ वाडगा बँकेच्या जुन्या तिजोरीत ठेवलाय. कपावर विजेत्या खेळाडूंची नावं कोरतात. जागा संपली की सगळ्यात जुनं कडं काढून इथं आणतात आणि नवं बसवतात. भाचा नावं वाचत बराच वेळ उभा होता.

संध्याकाळी आजोबांच्या तळघरात आम्ही सगळे टीव्हीसमोर जमलो. भाचाही आला, पण साध्या स्वेटरमध्ये, आणि बसला अगदी दाराजवळ. ऑस्टन मॅथ्यूजनं लीफ्सचा पहिला गोल केला. शेवटच्या भागात टँपाच्या स्टॅमकोसनं बरोबरी साधली. १-१! आता जादा वेळ, आणि त्यात पहिला गोल करील तो विजयी. मधल्या सुट्टीत बघतो तर भाचा गायब.

“गेला वाटतं झोपायला,” दाजी म्हणाले.

पाच मिनिटांनी तो धापा टाकत परत आला. अंगात निळी-पांढरी जर्सी! कुणी काही बोललं नाही. आजोबांनी सरकून त्याला शेजारी जागा केली.

पाचव्या मिनिटाला गर्दीतून एका खेळाडूनं गिरकी घेऊन फटका मारला. पक टँपाच्या एकाला लागून वळली आणि सरळ जाळ्यात! गोल कुणी मारला? कॅप्टन जॉन टव्हारेसनं! एकोणीस वर्षांनी लीफ्सनी फेरी जिंकली होती. ताईसुद्धा उड्या मारत होती. रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजू लागले.

भाचा रडत होता आणि हसतही होता. जरा शांत झाल्यावर म्हणाला, “आजोबा, मी चुकलो.”

“एका गोलानं तू चुकत नाहीस, आणि मीही बरोबर ठरत नाही,” आजोबा म्हणाले. “तो हळू आहेच की! वाद उद्या पुढे चालू.”

टव्हारेस याच परिसरातला मुलगा. लहानपणी लीफ्सच्या चित्रांच्या चादरीत झोपायचा. तो फोटो त्यानं २०१८ साली या संघात येताना सगळ्यांना दाखवला होता. म्हणजे तोही आधी माझ्या भाच्यासारखाच एक वेडा चाहता!

पुढं काय झालं म्हणता? पुढच्याच फेरीत फ्लोरिडानं लीफ्सना १-४ असं हरवलं. मी तोवर पुण्याला परतलो होतो. २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत हार, आणि कोच कीफ गेले. कॅप्टनपद मॅथ्यूजकडे आलं. २०२५ मध्ये टव्हारेसनं बऱ्याच कमी पैशांत पुन्हा याच संघासाठी सही केली. दाजी आणि भाचा त्यावरही भांडले म्हणे!

पण २०२३ च्या त्या हारेनंतर भाच्याचा फोन आला होता, तो मला आठवतो. मी घाबरत विचारलं, “जर्सी कपाटात गेली का रे?”

“नाही मामा,” तो म्हणाला. “धुवायला टाकलीय. ऑक्टोबरमध्ये लागेल ना!”